'बारीक झालीस': कृशतेची मराठी शब्दकळा आणि स्त्रीची देहदृष्टी

पदव्युत्तर वर्गात अर्थपरिवर्तनाचा भाग शिकविताना एका विद्यार्थिनीने दिलेले उदाहरण प्रस्तुत लेखास कारणीभूत झाले. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती वसतिगृहातून निघाली तेव्हा मैत्रीण तिला म्हणाली, 'किती बारीक झालीस ग!' दुसऱ्या दिवशी गावी पोहोचल्यावर दारातच आजी म्हणाली, 'किती बारीक झालीस ग!' शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. मैत्रिणीने पुढे विचारले, 'काय केलंस?' आजीने विचारले, 'काय झालं?' या दोन प्रश्नांतील 'करणे' आणि 'होणे' या क्रियापदांत जे अंतर आहे, त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

अतिकृश देहाच्या आदर्शाविषयी पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासात विपुल लेखन झाले आहे. सूझी ऑरबाख यांचे 'फॅट इज अ फेमिनिस्ट इश्यू' आणि हिल्ड ब्रुख यांचे 'द गोल्डन केज' ही दोन्ही पुस्तके १९७८ मधील; नेओमी वुल्फ यांचे 'द ब्यूटी मिथ' १९९० चे, तर सूझन बोर्डो यांचे 'अनबेअरेबल वेट' १९९३ चे. आपल्याकडे या लेखनाचा हवाला देऊन जी चर्चा होते ती बहुधा जाहिराती, चित्रपट व सौंदर्यस्पर्धा यांपाशीच थांबते. ती चुकीची आहे असे नाही. परंतु बाहेरून आलेली प्रतिमा ज्या भाषेत रुजते, त्या भाषेत कृशतेचे अर्थ आधीपासूनच नांदत असतात, आणि नवा आदर्श त्या अर्थांवर स्वार होऊनच घरात शिरतो, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते.

मराठीत बारीक स्त्रीची स्तुती करणारे शब्द मोजके आहेत: शेलाटी, सडपातळ, नाजूक, चवळीची शेंग. विवाहविषयक जाहिरातींनी त्यांतला 'सडपातळ' हा शब्द उचलला आणि 'गोरी' या विशेषणाशेजारी बसवून इतका झिजविला की त्यातली स्तुती जाऊन केवळ अट उरली. निंदेचे शब्द मात्र भरपूर. किडकिडीत, हडकुळी, लुकडी, काटकुळी, चिपाड, हाडांचा सापळा. गालफडे बसलेली, पोट खपाटीला गेलेले. 'पाप्याचे पितर' हा वाक्प्रचार तर पाहण्यासारखा आहे. पाप्याच्या पितरांना पिंड मिळत नाही, म्हणून ते उपाशी आणि वाळलेले. कृश माणसाला हे नाव देताना भाषा गृहीत धरते की याला कोणीतरी जेवू घातलेले नाही. चिपाड म्हणजे रस काढून घेतल्यावर उरलेला उसाचा चोथा. म्हणजे तेथेही कोणीतरी पिळलेले आहे. या शब्दांत बारीक असणे हा त्या व्यक्तीचा गुण किंवा दोष फारसा नाहीच. तिच्या बाबतीत काही घडले आहे, किंवा घडावयास हवे ते घडलेले नाही, याची ती खूण आहे.

क्रियापदे हेच सांगतात. रोडावणे, वाळणे, सुकणे, खंगणे, झिजणे ही सारी अकर्मक आहेत. 'ती रोडावली' या वाक्यात ती कर्ता असली तरी कारण ती नव्हे. कारण दुखणे, काळजी, सासुरवास, दुष्काळ यांपैकी काहीतरी. उलट बाजूचे शब्दही असेच आहेत. मूल बाळसे धरते, मुलगी अंग धरते, बाईला सासर 'मानवते'. हे शेवटचे क्रियापद विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 'सासर मानवलेलं दिसतंय' असे माहेरची बाई म्हणते तेव्हा ती लेकीच्या दंडाकडे पाहून व्याह्यांच्या घराची परीक्षा करीत असते. लेकीला थेट विचारता येत नाही, विचारले तरी ती सांगणार नाही. म्हणून तिचा देह वाचावयाचा. जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड भांडार हेमा राईरकर व गी पॉईटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि मायलेकींचे नाते व सासुरवास ही त्यांतील मोठी दालने. या स्त्रीरचित वाङ्मयात सासरी गेलेल्या लेकीचा जीव हा आईच्या चिंतेचा कायमचा विषय आहे. 'बारीक झालीस' हे आजीचे वाक्य त्या परंपरेतले आहे. दिसायला ते वर्णन असले तरी कार्याने तो प्रश्न आहे, आणि त्यात संरक्षणाची शक्यताही आहे.

साहित्यपरंपरेत कृशतेला आणखी एक वाणी होती, ती विरहाची. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती', जिची स. आ. जोगळेकर यांनी सिद्ध केलेली मराठी आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, विरहाने क्षीण झालेल्या स्त्रियांनी भरलेली आहे. परंतु येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. 'मेघदूता'च्या आरंभी ज्याच्या मनगटावरून सोन्याचे कडे गळून पडले आहे तो यक्ष, म्हणजे पुरुष आहे. विरहकृशता ही स्त्रीची मक्तेदारी नव्हती. ती प्रीतीची भाषा होती. जो बोलू शकत नाही त्याचा देह बोलतो, हा तिचा नियम. आणि ज्या यक्षपत्नीला कवीने 'तन्वी' म्हटले तिचे वर्णन पुढे वाचले असता, ही तनुता कमरेपुरती असून बाकीचा देह भरलेला आहे, हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल. राजा रविवर्म्याच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातून ज्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घरांच्या भिंतींवर आल्या, त्याही भरल्या अंगाच्याच आहेत. अर्थात 'पूर्वी स्थूलता हेच सौंदर्य होते' असा सोपा निष्कर्ष यावरून काढू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य देहांच्या यादीत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही शेजारी बसलेले आहेत, आणि त्या दोहोंत कृशताच बरी, असेही तेथे म्हटले आहे. पूर्वजांचे आरोग्यशास्त्र आपल्याला वाटते तितके तुपकट नव्हते.

मग 'बारीक झालीस' याचा अर्थ उलटला केव्हा? एक दिनांक देता येणार नाही. पण काही टप्पे दिसतात. १९९४ मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी व ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाल्या आणि देहाची मापे ही मध्यमवर्गीय घरातल्या संभाषणाचा विषय होऊ शकतात, हे मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी शिकविले. २००८ मध्ये 'टशन' या चित्रपटानिमित्त करीना कपूर यांच्या कृश देहाचा गाजावाजा झाला आणि 'झीरो फिगर' हा शब्द मराठीत रूढ झाला. मूळ इंग्रजीत ते कपड्याचे माप. आपण ते देहाचे केले, आणि देहाला शून्य हे माप लावण्यात काही विसंगती आहे असे कोणास वाटले नाही. (गंमत अशी की त्याच अभिनेत्रीच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकापासून भात आणि तूप यांची बाजू सातत्याने मांडली. ते ऐकले गेले, परंतु लक्षात राहिला तो शून्यच.)

या नव्या शब्दांबरोबर क्रियापदे बदलली. वजन 'कमी केले' जाते, 'उतरविले' जाते, फिगर 'राखली' जाते. 'तिने स्वतःला छान मेंटेन केलंय' हे वाक्य आज कोणत्याही लग्नसमारंभात ऐकू येते. पन्नाशीच्या बाईसंबंधी ते सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र ठरते. येथे स्त्री कर्ता आहे आणि कर्मही तीच. तिच्या देहाकडे पाहून आता घराची परीक्षा होत नाही, तिच्या निश्चयाची होते. 'खात्यापित्या घरची' हे एके काळचे गौरवपर विशेषण थट्टेचे झाले, ते याच वळणावर. आणि 'लग्नानंतर सुटली' या वाक्यातले 'सुटणे' कशातून, याचा विचार केला तर उत्तर अस्वस्थ करणारे आहे: ताब्यातून.

असे अर्थांतर केवळ आपल्याकडेच झाले असे नव्हे. अ‍ॅन बेकर या मानवशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ विदुषीने फिजी बेटांवर केलेला अभ्यास येथे फार उद्बोधक आहे. त्या समाजात भरदार देह ही कुटुंबाने घेतलेल्या काळजीची साक्ष, आणि कोणी बारीक होऊ लागले की ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चिंतेची बाब. म्हणजे आपल्या आजीचीच दृष्टी. नाद्रोंगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये मूळ फिजी वंशाच्या शाळकरी मुलींची पाहणी झाली. आहारविकृतीची चिन्हे दर्शविणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, नंतर अशा मुली ११.३ टक्के आढळल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील आकड्यांपेक्षा मुलींच्या मुलाखती मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पडद्यावरच्या बायकांसारखे दिसावे असे त्या म्हणत होत्या, आणि त्याबरोबरच तशा बायकांना नोकरी मिळते, त्या काहीतरी होतात, असेही. त्यांना केवळ सौंदर्याचा मोह पडला होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. बदलत्या जगात आपले स्थान मिळविण्याचे जे एक साधन त्यांच्या हाताशी होते, ते म्हणजे त्यांचा देह. ब्रुख यांच्या रुग्ण मुलीही असेच सांगत: बाकी सारे दुसऱ्यांनी ठरविलेले, वजन तेवढे माझ्या हातात. स्त्रियांच्या या दृष्टिकोनाला 'अनुकरण' म्हणून मोडीत काढणाऱ्या आपल्याकडील पुरुष लेखकांनी 'करणे' या क्रियापदातील कर्तेपणाची ही तहान नीट पाहिलेली नाही.

मात्र हे कर्तेपण कोणाला उपलब्ध आहे, हा प्रश्न मराठीत तरी टाळता येत नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात बाळंतिणीलाही पोटभर मिळत नाही अशा घरांचे चित्रण आहे. त्या पृष्ठांतील कृश देहाला 'शेलाटी' म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ती कृशता आजही भूतकाळात जमा झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आढळल्या आणि २४ टक्के प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या. एकाच गावात एक बाई रोडावते आणि दुसरी वजन उतरविते. एकीची धुणीभांडी करणारी दुसरी असू शकते. आणि 'बारीक' हा शब्द दोघींना लागू पडतो. ज्या वर्गात अन्नाची शाश्वती आली त्याच वर्गात त्यागण्यासारखे अन्न आले. कृशता हा दारिद्र्याचा पुरावा राहिला नाही, तेव्हाच ती अलंकार होऊ शकली.

अन्न नाकारण्याची आपली जुनी भाषा या ठिकाणी मध्ये येते. हरतालिका, वटपौर्णिमा, सोळा सोमवार: स्त्रीच्या न जेवण्याला आपल्या संस्कृतीने पुण्य जोडून दिले आहे. शिवाय रुसून ताटावरून उठणे हे घरातल्या दुबळ्या माणसाचे शस्त्र होते. या दोन्हींत न जेवणे कोणाला तरी उद्देशून असे, देवाला किंवा घरातल्यांना. आणि त्याला शेवट असे. उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, रुसवा समजूत घातल्यावर निघतो. (उपासाने बहुधा वजन वाढते, हे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना ठाऊकच होते.) 'डाएट'ला असा पारण्याचा दिवस नाही. या शब्दाचा मराठीतला प्रवासही बोलका आहे: इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ आहार; मराठीत 'डाएट करणे' म्हणजे आहार टाळणे. आणि जेथे डाएट म्हणण्याची सोय नाही तेथे 'आज माझा उपास आहे' हे वाक्य उपलब्ध असतेच. त्यावर मराठी घरात कोणी पुढे विचारीत नाही. वसतिगृहात राहणारी मुलगी आठवड्यातले चार वार उपास करू लागली, तर तिच्या भाविकपणाचे कौतुक होण्याचीच शक्यता अधिक.

दुखण्याला नाव नसणे ही येथली खरी अडचण आहे. १८७३ मध्ये लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग यांनी, जवळजवळ एकाच वेळी, स्वतःस उपाशी ठेवणाऱ्या मुलींचे वर्णन केले. गल यांनी त्यास दिलेले 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ झाले. 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणे. नाव मुळातच चुकले, कारण या दुखण्यात, निदान प्रारंभीच्या दीर्घ काळात, भूक असते. तिच्याशी रात्रंदिवस झुंज चाललेली असते, आणि अन्नाखेरीज दुसरा विचार मनात टिकत नाही. मराठीत त्याचा 'क्षुधानाश' असा अनुवाद केला की मूळची चूक संस्कृत वस्त्रे लेवून येते. अग्निमांद्य, अरुची, अन्नावर वासना नसणे हे आपले सारे शब्द जठराविषयी किंवा जिभेविषयी आहेत. लागलेली भूक दाबून टाकणे, त्यात यश मानणे, आणि त्या यशाबद्दल दुसऱ्याच्या तोंडून 'बारीक झालीस' हे ऐकण्याची वाट पाहणे, यासाठी आपल्यापाशी शब्द नाही. काळजीचे एकच वाक्य होते. तेही प्रशस्तीच्या कामाला लावले गेले. आई अशा मुलीला दवाखान्यात घेऊन जाते तेव्हा तेथे मराठीत पहिला प्रश्न येतो, 'भूक लागते ना?' मुलगी म्हणते, 'लागते.' ती खोटे बोलत नसते.