पडद्यावरील नोंदींचा मेळ

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांवेर हे तहसिलीचे गाव लागते. येथील शेतकऱ्याच्या जमिनीची ओळख मुख्यत्वे दोन कागदांत असते: खसरा आणि खतौनी. खसऱ्यात शेताच्या क्रमांकानुसार क्षेत्र, भूस्वामी व पीक यांची नोंद असते. खतौनीत एका खातेदाराची सर्व शेते एकत्र दाखविलेली असतात. महाराष्ट्रातील वाचकांस सात-बारा व आठ-अ यांवरून ही जोडी सहज ध्यानी येईल. पूर्वी पटवाऱ्याच्या दप्तरात असणारे हे कागद आता मोबाईलच्या पडद्यावरही पाहावयास मिळतात.

समजा, सांवेरच्या एका शेतकऱ्याने शेत विकत घेतले व नामांतरण पूर्ण झाले. पडद्यावर खसऱ्याच्या चौकटीत त्याचे नाव आले. शेजारच्या खतौनीच्या चौकटीत मात्र जुन्या मालकाचेच नाव राहिले. पेरणीच्या तोंडावर कर्जासाठी सोसायटीत गेलेल्या या माणसाने कोणती चौकट पुढे करावी? मूळ दप्तर निर्दोष आहे. दोष पडद्याच्या रचनेत आहे. कारण प्रोग्रॅमरने तेच नाव दोन ठिकाणी निरनिराळे साठविले आणि बदल करताना एकच ठिकाण बदलले.

पडदा ज्या क्षणी ज्या माहितीवर उभा असतो, त्या माहितीला संगणकाच्या परिभाषेत ‘स्थिती’ म्हणतात. तिचा मेळ राखणे मोठ्या कंपन्यांनाही जड गेले आहे. फेसबुकवर न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसे, उघडून पाहावे तर नवा संदेश नसे. दोष दुरुस्त करावा आणि काही दिवसांनी तो पुन्हा डोके वर काढी. या अनुभवातून तेथील अभियंत्यांनी २०१४ साली ‘फ्लक्स’ ही पद्धत मांडली. पुढे २०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’ हे तिचे अधिक सुटसुटीत रूप तयार केले.

महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला रिडक्सचे तत्त्व नवे वाटणार नाही. महाराष्ट्रात हक्कातील बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. तो प्रमाणित झाल्यावरच सात-बारावर त्याचा अंमल होतो. सात-बारावर थेट खाडाखोड करण्याची मुभा तलाठ्यास नाही. रिडक्समध्येही बटण दाबल्याने मूळ नोंद परस्पर बदलत नाही. काय घडले याची वर्दी जाते. ठरलेला नियम जुनी स्थिती व ती वर्दी यांवरून नवी स्थिती तयार करतो आणि सर्व चौकटी त्या एकाच स्थितीवरून पुन्हा रेखाटल्या जातात. चूक झालीच, तर ती कोणत्या वर्दीपासून झाली हे मागे जाऊन पाहता येते.

जे हिशेबाने काढता येते ते वेगळे साठवू नये, हा सुलभीकरणाचा खरा गाभा होय. खातेदाराचे एकूण क्षेत्र शेतांच्या क्षेत्रांची बेरीज करून दाखवावे. बेरीज निराळी लिहून ठेवली की ती आज ना उद्या चुकणार, हे शाळेतील हजेरीपट सांभाळणाऱ्या शिक्षकांना सांगावयास नको.

तथापि, सर्वच गोष्टी मोठ्या वहीत घालण्याचा हव्यासही बरा नव्हे. गावांची यादी उघडी आहे की मिटलेली, ही क्षणापुरती बाब त्या चौकटीनेच सांभाळावी. कोतवालाच्या प्रत्येक निरोपासाठी फेरफार लिहू लागल्यास चावडीचे कामच थांबेल! खुद्द अब्रामोव्ह यांनीही २०१६ साली लेख लिहून, प्रत्येक कामास रिडक्सची गरज नसते, असे बजाविले होते. निवडलेले गाव व खसरा क्रमांक मात्र पानाच्या पत्त्यातच ठेवावेत; म्हणजे तो पत्ता इंदूरला शिकणाऱ्या मुलाला पाठविला असता त्याच्यासमोर तेच शेत उघडते.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावर दिसते ती मूळ नोंद नसून कार्यालयातील संगणकाकडून आलेली नक्कल असते. मध्य प्रदेशात २९ फेब्रुवारी २०२४ पासून सायबर तहसिलीची व्यवस्था राज्यभर लागू झाली. संपूर्ण खसरा क्रमांकाच्या विक्रीची नोंदणी झाली व वाद नसला, तर खरेदीदाराने वेगळा अर्ज न करताही नामांतरणाची कारवाई सुरू होते. अर्थात पाहणाऱ्याने कोणतेही बटण न दाबता मूळ नोंद बदलू शकते. म्हणून नक्कल केव्हा घेतली ती वेळ पडद्यावर ठळकपणे दाखवावी आणि पान पुन्हा समोर येताच मूळ दप्तराकडे नव्याने विचारणा करावी. सकाळी उघडून ठेवलेल्या पडद्यावर सायंकाळीही जुन्या मालकाचे नाव राहू नये, याची काळजी प्रोग्रॅमरने घ्यावयाची आहे, शेतकऱ्याने नव्हे.