भूमकर चौकात अडकलोय

पुण्याजवळ जांबे, मारुंजी, नेरे या बाजूला राहणाऱ्या आईबाबांना एक वाक्य चांगलंच ओळखीचं असेल : "भूमकर चौकात अडकलोय, दहा मिनिटांत पोचतो." तिथली कोंडी रोजचीच, त्यामुळे ऐकणारा शंका घेत नाही. बोलणारा मात्र घरातच मोजे चढवत असतो आणि शेजारी दूध पीत बसलेली मुलगी सगळं ऐकत असते.

वेळ मारून न्यायला शब्द वापरायचे असतात, हे ती तिथे शिकते. "सायकल कधी घ्यायची?" या प्रश्नाला "बघू या" असं उत्तर आलं की त्याचा अर्थ "नाही", हेही तिला कळलेलं असतं. "हो हो, आणतो" म्हणजेसुद्धा बहुतेक वेळा नाहीच. अशा घरात साध्या "हो"ला किंमत उरत नाही. मग दुसरी-तिसरीतलं पोर दर वाक्याला "आईशप्पथ", "देवाशप्पथ" जोडू लागतं आणि आपण त्यालाच रागावतो, "शपथ घेऊ नये, देवाला आवडत नाही."

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने शपथेला मनाई केली, ती होकार-नकाराला दुसऱ्या कशाचा टेकू लागू नये म्हणून. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला हा भाग आपण संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतो. माझ्या मते तो आधी मोठ्यांनी पाठ करायला हवा. बाराव्या अध्यायात तर सहज तोंडातून गेलेल्या शब्दाचाही जाब द्यावा लागेल, असं येशू बजावतो. सहज गेलेल्या, हे विशेष.

आणि ही रोजची बोली देवाच्या वचनापासून वेगळी नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चाललं होतं. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंना भारदस्त संस्कृत शब्दांची काय वाण! पण कमी शिकलेल्या बायकांनाही समजावं म्हणून त्यांनी सोपी मराठी धरली. लेकराला जेवायला हाक मारायची, त्याच बोलीत देवाचं वचन वाचायचं. रविवारची भाषा वेगळी ठेवायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

याकोबाच्या पत्रातली तक्रारही हीच : एकाच तोंडातून स्तुती आणि शिव्याशाप. उपासनेत "आमेन" म्हणणारं तोंड सोमवारी गणिताची वही बघून म्हणतं, "तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही." मुलांना चिडवून त्यांचं मन खचवू नका, असं पौल कलस्सैकरांना लिहितो, आणि तेही बापांना उद्देशून.

इतकं तोलूनमापून कोण बोलणार, असं वाटेल. पण "निघायला उशीर झालाय" म्हणायला कितीसा वेळ लागतो? साहेब एकदा चिडतील. "या वर्षी सायकल जमणार नाही" म्हटलं तर पोर थोडा वेळ रडेल. रडू द्या.

एक मात्र कृपा करून थांबवा : "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." आपलं खोटं मुलाच्या तोंडी देऊ नका. दूधवाला बिलासाठी दारात आला तर स्वतः उठा, "आज पैसे नाहीत, शनिवारी या" असं सांगा. आणि शनिवारी पैसे द्या.