नाल्याकाठचा गळ

विद्यार्थिमित्रहो, मासे धरणे ही गोष्ट आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणास नवी नाही. वैनगंगेसारखी मोठी नदी, तिला मिळणाऱ्या सूर, बावनथडी, चुलबंद या लहान नद्या, पावसाळ्यात दुथडी वाहणारे नाले आणि गावोगावचे तलाव व बोड्या यांच्या सान्निध्यात आपण लहानाचे मोठे होतो. आपल्या जिल्ह्यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात ते उगीच नव्हे. परंतु जी वस्तू नित्य डोळ्यांपुढे असते तिचा विचार मनुष्य क्वचितच करतो. म्हणून आज गळ व मासा या साध्या विषयाकडे जरा अभ्यासू दृष्टीने पाहू.

प्रथम दूरदेशचे एक उदाहरण घेऊ. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील रानांतून वाहणाऱ्या थंड ओढ्यांत ब्रूक ट्राउट नावाचा मासा असतो. त्याच्या अंगावर निळ्या कड्यांतले तांबडे ठिपके असतात व खालच्या परांची पुढची कड पांढरी शुभ्र असते. तो धरण्याकरिता तिकडचे लोक पिसे व दोरा यांची बनावट माशी गळावर बांधतात. ही माशी इतकी हलकी असते की ती नुसती फेकली तर दूर जात नाही. म्हणून तेथे दोरीच जड करतात. लवचीक काठीच्या झोक्याने दोरी पुढे जाते आणि तिच्यामागून माशी अलगद पाण्यावर उतरते. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो, कारण त्याचे भक्ष्य वरून वाहत येते. सबब जाणता मनुष्य खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून, पाऊल न वाजविता जातो. स्वतःची सावलीही तो पाण्यावर पडू देत नाही.

हा मासा आपल्या नाल्यांत का नसावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. दहा अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी तीस अंशांपर्यंत तापले म्हणजे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम राहतो. ट्राउटास थंड, खळाळते पाणी लागते. आपल्याकडे वैशाखात हवेचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व नाल्यांची डबकी होतात. तेथे तो एक दिवसही जगणार नाही. हिंदुस्थानात तो मुळचा नाहीच. त्याच्या जातभाईंपैकी तपकिरी ट्राउट १९०० साली काश्मिरात आणला गेला, आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांतही विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउटाची वस्ती करण्यात आली.

परंतु सृष्टीने आपणांस त्याच्या जागी मरळ दिली आहे, आणि ती काही कमी नवलाची नाही. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची एक पोकळी असते. ती मधून मधून पाण्यावर तोंड काढून आपल्याप्रमाणेच हवा घेते. वर येऊ दिले नाही तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते! याच सोयीमुळे तळे आटले तरी ती ओल्या चिखलात कित्येक दिवस तग धरते. ट्राउट थंडीचा मासा, तर मरळ आपल्या उन्हाळ्याची लेक होय.

मरळ धरण्याचे साहित्य सोपे आहे. बारीक सरळ बांबूची काठी, पक्की दोरी आणि गळ एवढे पुरते. लहान माशांकरिता गांडूळ लावावे आणि दोरीस जोंधळ्याच्या धांड्याचा तुकडा बांधावा. तो बुडाला की मासा लागला असे समजावे. मरळीस लहान बेडकी प्रिय असते. पाणवनस्पतींच्या कडेने बेडकी उड्या मारीत चालली आहे असा भास काठीने करावा लागतो. म्हणजे अमेरिकेतला तो माशीवाला व आपला ढिवर, दोघांची विद्या मुळात एकच! मासा कोठे उभा राहतो, काय खातो व कशास भितो हे ज्यास कळले, त्यास गळ कळला.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मी बारा वर्षांचा असताना श्रावणात गावच्या बोडीवर गळ घेऊन गेलो. पाण्यावर एके ठिकाणी तांबूस रंगाच्या इवल्या पिलांचा पुंजका बुडबुडे काढीत फिरत होता. त्याच्याजवळ बेडकी टाकताच प्रचंड मरळ तीवर तुटून पडली. मी ती मोठ्या ऐटीने खांद्यावर टाकून निघालो. वाटेत एक वृद्ध ढिवर भेटले. मरळीकडे पाहून त्यांनी विचारले, “पिलं होती का जवळ?” मी होय म्हणालो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तुनं एक मासोळी नाही मारली बाबू, हजार मारल्या.”

मला त्यांचा राग आला. पण दुसऱ्या दिवशी बोडीवर गेलो तेव्हा तो पुंजका अर्धाही उरला नव्हता. बगळे टिपत होते, खालून दुसरे मासे ओढीत होते, आणि राखण करणारे कोणी दिसेना. तिसऱ्या दिवशी पाणी रिकामे होते. मरळीची जोडी आपली तरंगती अंडी व पिले कित्येक दिवस राखते. ती बेडकीवर तुटून पडली ती भुकेने नव्हे, पिलांवर कोणी चाल करून आले असे वाटून, हे मला पुढे समजले. आईच्या मायेचाच मी गळ केला होता. त्या दिवसापासून पुंजक्याजवळ मी कधी गळ टाकला नाही.

हा नियम मरळीपुरता नाही. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर पुष्कळ मासे अंडी घालण्याकरिता प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्या वेळी नाल्यात आडवे जाळे लावणे, अथवा उन्हाळी डोहात विष कालविणे, म्हणजे बियाणे भाजून खाणे होय.

आपले तलाव तरी कोणी बांधले? सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या अमदानीत, कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी धान व ऊस पिकविण्याकरिता ते बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांस ‘मामा तलाव’, अर्थात माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशांस अंतःक्षेपण देऊन अंडी घालविण्यात यश मिळविले. त्यामुळे रोहू-कटल्याचे बीज सुलभ झाले व पुष्कळांच्या पोटास लागले. परंतु स्थानिक मासे मात्र मागे पडले. त्यातच बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. अलीकडे भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत ढिवरांच्या सहकारी संस्थांनी आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांनी कित्येक तलावांतील बेशरम उपटून तेथे मूळच्या पाणवनस्पती लावल्या, आणि त्यांच्या आश्रयाने गावठी मासे पुन्हा वाढू लागले. पुस्तकी विद्या नसलेल्या लोकांनी हे केले, हे आपण शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बालमित्रहो, येत्या पावसाळ्यात आपापल्या गावच्या बोडीवर जा. वडील मंडळींस बरोबर घ्या, कारण भरलेले पाणी थट्टा सहन करीत नाही. कोणता मासा कोठे उभा असतो, तो कधी वर येतो, पिले कधी दिसतात, हे वहीत टिपा, आणि जुन्या ढिवरांस माशांची गावठी नावे विचारा. गळ टाकावयाचा तो त्यानंतर. पालकांसही विनंती, की मुलाने आणलेल्या माशाचे कौतुक करण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे, “पिलं होती का जवळ?”