पहिला दोनशेचा पल्ला आणि खानदेशचा रस्ता

हौशी सायकलस्वाराची पहिली लांब पल्ल्याची गटस्वारी बहुधा पहिल्या दोन तासांतच बिघडते, आणि ती बिघडल्याचे त्याला कळते ते मात्र दुपारी. सकाळी अंगात जोर असतो, हवा गार असते, सोबतचे पुढे निघालेले असतात आणि मागे पडण्याची लाज वाटत असते. अशा वेळी धरलेला वेग स्वतःचा नसून गटातल्या सर्वांत तयार माणसाचा असतो, आणि त्याचा हिशेब शरीर शंभरेक किलोमीटरनंतर मागते. जळगाव आणि धुळे या दोन शहरांमधला रस्ता हा प्रकार समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे, कारण तो जवळजवळ सपाट आहे आणि सपाट रस्त्यावर माणूस स्वतःला अधिक सहज फसवतो.

लांब पल्ला कशाला म्हणावे, याचे सर्वमान्य माप ‘ब्रेव्हे’ या फ्रेंच परंपरेतून आले आहे. ब्रेव्हे म्हणजे नेमून दिलेले अंतर नेमलेल्या वेळेत, वाटेतील तपासणी-नाक्यांवर नोंद करत आणि दोन नाक्यांच्या दरम्यान कोणाचीही मदत न घेता पूर्ण करण्याची स्वारी. १९०४ साली स्थापन झालेला पॅरिसचा ऑडॅक्स क्लब तिचे नियमन करतो आणि भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेमार्फत अशा स्वाऱ्या होतात. सर्वांत लहान पल्ला २०० किलोमीटरचा असून त्यासाठी साडेतेरा तास मिळतात; पुढे ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी चढती श्रेणी आहे. या स्वारीत पहिला-दुसरा असा क्रम लावलाच जात नाही, ही गोष्ट नवख्याने निघण्यापूर्वी मनाशी पक्की करावी, कारण बहुतेक चुका ती विसरल्याने होतात. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा बातमीने हुरूप येतो हे खरे, परंतु तिच्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत बातमीत मावत नाही.

साडेतेरा तासांत २०० किलोमीटर म्हणजे विश्रांती धरून ताशी जेमतेम १५ किलोमीटर होतात. सायकल चालती असताना ताशी २० चा वेग राखला तरी दहा तासांत अंतर संपते आणि चहा, जेवण, पंक्चर यांसाठी साडेतीन तास उरतात. आता व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री ‘पंचवीसची ॲव्हरेज’ जाहीर करणाऱ्या गटाबरोबर एखादा नवखा निघाला आणि ज्याचा सहज पेलणारा वेग २१ आहे त्याने पहिले ६० किलोमीटर २६ च्या वेगाने कापले, असे धरावे. त्याचा फायदा तेहतीस मिनिटांचा होतो. पण दमछाकीमुळे उरलेले १४० किलोमीटर १६ च्या वेगाने ओढावे लागले, तर तोटा दोन तास पाच मिनिटांचा होतो. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २२ वरून २६ वर जाणे हे दिसायला चारचे, परंतु हवेपुरते पाहिल्यास सुमारे पासष्ट टक्के अधिक खर्चाचे काम असते. वेगमापकाच्या आकड्यावरून हे लक्षात येत नाही. बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की वेग जास्त झाला, ही साधी खूण त्यापेक्षा भरवशाची ठरते.

गटात चालण्याचा खरा लाभ ‘ड्राफ्टिंग’चा, म्हणजे पुढच्या सायकलस्वाराने फोडलेल्या हवेच्या आडोशाने चालण्याचा असतो, आणि त्यामुळे मागच्याचे श्रम बरेच वाचतात. परंतु हा आडोसा मिळवण्यासाठी पुढच्या चाकाला अगदी लगटून चालावे लागते, आणि ती सवय नसलेल्याने ती महामार्गावर शिकू नये. पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासले तर पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. नवख्याने निदान एका सायकलीच्या लांबीइतके अंतर ठेवावे, चाकामागे चाक न धरता किंचित बाजूला राहावे आणि खड्डा, खडी किंवा गतिरोधक दिसताच हाताने दाखवून मोठ्याने सांगावे. जळगाव-धुळे रस्त्यावर उलट दिशेने कडेकडेने येणाऱ्या मोटारसायकली आणि हंगामात कापसाने दोन्ही अंगांना फुगलेले टेम्पो ही नेहमीची बाब आहे, त्यामुळे दोघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालण्याची हौस गल्लीबोळापुरती ठेवलेली बरी.

जळगावहून निघालेला रस्ता बांभोरीजवळ गिरणा ओलांडतो, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असे करत पांझराकाठच्या धुळ्याला पोहोचतो. जाऊन-येऊन अंतर दोनशेला थोडेच कमी भरते. एकच रस्ता असूनही जळगावकर आणि धुळेकर यांच्या वाट्याला तो सारखा येत नाही, आणि ही गोष्ट मार्ग आखणारेही पुष्कळदा लक्षात घेत नाहीत. उन्हाळ्याच्या दिवसांत खानदेशात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतर त्याचा जोर वाढतो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्याच्या बळावरच. जळगावहून निघणारा सकाळच्या शांत हवेत पश्चिमेकडे जातो आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परततो. धुळ्याहून निघणाऱ्याला मात्र परतीचे नव्वद किलोमीटर, तेही थकल्यावर, वारा छातीवर घ्यावा लागतो. हिवाळ्यात वारा मंद आणि बहुधा पूर्वेकडचा असल्याने हा फरक उरत नाही किंवा किंचित उलटतो.

सूर्याचेही तसेच आहे. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्या धुळेकराच्या डोळ्यांवर ऊन येते, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्याच्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन येत असते आणि समोरची सायकल त्याला वेळेवर दिसत नाही. त्यामुळे परावर्तक पट्ट्यांचे जाकीट आणि मागचा लाल दिवा ही केवळ रात्रीची साधने मानू नयेत. हंगामाविषयी फार सांगण्याची गरज नाही: मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पहिली स्वारी करणे हा निव्वळ वेडेपणा होय. डिसेंबर-जानेवारीत मात्र धुळ्यात पारा एक आकडी होतो, म्हणून पहाटेचे हातमोजे आणि दुपारची टोपी ही दोन्ही एकाच पिशवीत लागतात.

शरीरात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजन म्हणतात, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते आणि जोरकस श्रमात ती काही तासांतच सरत येते; त्यानंतर अंगातले त्राण एकाएकी जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि चिडचिड होते. हे टाळण्यासाठी भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात. एका मध्यम केळ्यात असे सुमारे पंचवीस ग्रॅम असतात, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले केळे ज्या जळगाव जिल्ह्याचे आहे, तेथे परदेशी एनर्जी जेलच्या पाकिटांवर पैसे घालवणे थोडे गमतीचेच वाटते. केळी, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे एवढ्यावर भागते. ढाब्यावरची तर्रीदार शेवभाजी मात्र परतल्यावर खावी. धुळ्यात भर दुपारी ती चापून पुन्हा सायकलीवर बसणाऱ्यांना पारोळ्यापर्यंत तिची आठवण घशाशी येत राहते. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरते, पण घामावाटे मीठही जात असल्याने नुसते साधे पाणी ढोसणे घातक ठरू शकते. एक लिटर पाण्यात एक ओआरएसचे पाकीट, हे प्रमाण बदलू नये.

बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर गृहीतच धरावे. येथे एक बारीक अडचण अशी येते की अनेक महागड्या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पातळ मानेचा, ‘प्रेस्टा’ प्रकारचा असतो, आणि वाटेवरच्या पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरचे तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी केलेले असते. दुकान समोर, हवाही आहे, पण भरता येत नाही, अशी अवस्था होते. बोटाच्या पेराएवढे पितळी अडॅप्टर ही अडचण सोडवते. ते, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावेत, कारण ‘ग्रुपमध्ये कोणाकडे तरी असेल’ असे मानणारे सगळेच असले की कोणाकडेच काही नसते. नवी सीट, नवे बूट किंवा उसनी सायकल त्या दिवशी प्रथमच वापरू नये, एवढे येथे पुरे.

निघण्यापूर्वी गटाने दोन गोष्टी ठरवाव्यात. एक म्हणजे एरंडोल आणि पारोळा येथे सर्वांनी एकत्र येईपर्यंत थांबायचे आणि अनुभवी माणसाने शेवटच्या स्वाराच्या मागे राहायचे. जेथे वळणरस्त्यामुळे गाव बाजूला पडले आहे, तेथे थांबण्याची नेमकी जागा आधीच सांगावी, नाहीतर निम्मे गावात आणि निम्मे बाहेर असा घोळ होतो. दुसरी म्हणजे स्वारी अर्ध्यावर सोडण्याची वाट. भुसावळ-सुरत लोहमार्ग जळगावहून धरणगाव, अमळनेरकडे वळतो आणि धुळ्याचा फाटा चाळीसगावला मिळतो, त्यामुळे एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान थकलेल्याला रेल्वेचा उपयोग नाही. पारोळ्याहून जवळचे स्थानक अमळनेरचे. एसटी वारंवार मिळते, पण सायकल चढवू देणे वाहकाच्या मर्जीवर आणि गाडीतल्या जागेवर अवलंबून असते. म्हणून एखाद्या ‘छोटा हत्ती’वाल्याचा, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोवाल्याचा, फोन नंबर आदल्या दिवशीच घेऊन, भाडे बोलून ठेवावे आणि तो नंबर गटप्रमुखाकडे न ठेवता सर्वांत नवख्या माणसाच्या मोबाइलमध्ये भरून द्यावा.