गीत आणि गाणारा

शास्त्रवाचन : २ शमुवेल ११ व १२, स्तोत्र ५१

उचगाव-बेळगावकडील रसिकांना बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) नाव सांगावयास नको. गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी असलेला त्यांचा सहवास व पुढे १९५१ चा विवाह यांवरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्यामुळे त्यांचा सूर बेसूर झाला काय?

आता दाविदाकडे पाहा. त्याचा अपराध कितीतरी भयंकर! त्याने बथशेबेला आणविले, उरीयाला मारविले. एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यातच त्या पापाचा उल्लेख आहे. तरी मंडळी ते स्तोत्र आजही म्हणते. पाप झाकले नाही, गीतही टाकले नाही.

शिक्षकहो, मुले रॉक गायकांविषयी विचारतील, तेव्हा गाणे गाण्याच्याच गुणांवर पारखावयास शिकवा. मात्र गोड गळ्याने उरीयाचे रक्त धुतले जात नाही, हेही सांगा.

प्रश्न : नाथानाने दाविदाचे पाप दाखविले, त्याची वीणा का मोडली नाही?