सगळ्यांचा माल एकाच काट्यावर: सक्ती असावी का?



तुरीच्या सामूहिक विक्रीवरून सध्या जवळजवळ प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत वाद चालू आहे. काही जणींचं म्हणणं असं, की ज्या गटाने विक्रीत नाव दिलं त्यातल्या प्रत्येकीने सगळी तूर संघाच्याच काट्यावर घालायची, बाहेर एक पोतंही द्यायचं नाही. दुसऱ्या म्हणतात, माल माझा, घाम माझा, मग चार पैसे जास्त मिळतील तिथे विकायला मला अडवणारं कोण? दोन्हीकडच्या ताया तावातावाने बोलतात, आणि शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. म्हणून या अंकाच्या अभ्यास पानावर हाच प्रश्न घेतला आहे. एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका, आणि पटलं नाही तिथे थांबवून बोला.

हा वाद आपणच पहिल्यांदा घालतोय असं नाही. कापसावरून तो आपल्या महाराष्ट्रात झाला, आणि गव्हावरून पार तिकडे कॅनडात झाला. कॅनडाचं आधी सांगते, कारण तिथे शेतकरी आपसातच वर्षानुवर्षं भांडले, आणि त्यांचं बोलणं ऐकलं तर आपल्याच बैठकीतलं वाटेल.

कॅनडाच्या पश्चिमेला मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे गव्हाचे प्रांत. सपाट जमीन, हिवाळाभर बर्फ, वर्षाला एक पीक. शेती शेकडो एकरांची, बंदर शेकडो किलोमीटर दूर, आणि गहू तिथवर नेणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपन्या दोनच. एवढी मोठी शेती असणारा माणूस आपल्याला बडा वाटेल, पण भावापुढे तोही एकटाच होता. कापणी सगळ्यांची एकदम, पैशाची गरज सगळ्यांना एकदम, म्हणून भाव नेमका तेव्हाच पडायचा. 1923-24 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. सगळ्यांचा गहू एकत्र करायचा, वर्षभर बाजार बघून विकायचा, आणि येईल तो सरासरी भाव सगळ्यांना सारखा द्यायचा. काही वर्षं छान चाललं. 1929 नंतर जगभर मंदी आली आणि भाव इतके कोसळले, की शेतकऱ्यांना आधी दिलेली उचलसुद्धा विक्रीतून निघेना. ती व्यवस्था मोडली.

मग 1935 साली सरकारने कॅनेडियन व्हीट बोर्ड, म्हणजे गहू मंडळ, काढलं. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं. ज्याला वाटेल त्याने मंडळाला द्यावं, नाहीतर व्यापाऱ्याला द्यावं. इथे एक गोष्ट झाली ती नीट लक्षात घ्या. 1938-39 च्या हंगामात मंडळाने जाहीर केलेला भाव बाजारापेक्षा जास्त होता, तेव्हा सगळा गहू मंडळाकडे लोटला आणि मोठा तोटा अंगावर आला. भाव चढा असेल तर उलटं होणार हे उघड आहे, माणसं मंडळाकडे फिरकणारच नाहीत. आपल्याकडेही हेच होतं ना? व्यापारी घरी येऊन रोख मोजतो तेव्हा संघाची आठवण नसते. त्याने हात आखडला की मग, "ताई, आपला काटा कधी लागणार?"

1943 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, सक्ती आली. या भागातला विकायचा गहू मंडळालाच द्यायचा असं ठरलं. पुढे 1949 मध्ये जव आणि ओटही त्यात आले. युद्ध संपलं तरी सक्ती राहिली, आणि बहुतेक शेतकऱ्यांना ती हवीही होती.

हिशेब कसा चालायचा

शेतकऱ्याने गहू घातला की त्याला पहिली उचल मिळायची. ही उचल सावधपणे, अंदाजापेक्षा कमी ठरवलेली असे, आणि तिला सरकारची हमी होती. म्हणजे भाव पडले तरी दिलेली उचल कोणी परत मागायचं नाही. नंतर मंडळ वर्षभर जगभर गहू विकायचं, खर्च वजा करायचं आणि उरलेले पैसे अंतिम चुकारा म्हणून द्यायचं. एका प्रतीच्या गव्हाला एकच सरासरी भाव, मग तुम्ही तो सुगीत घातला असो की सहा महिन्यांनी.

आपल्या तुरीवर मांडून बघू. आकडे समजायला घेतलेत, खरे भाव नाहीत. तिघी जणी, प्रत्येकीची दहा क्विंटल तूर. पहिलीला पोराची फी आणि गटाचा हप्ता भरायचा होता, तिने जानेवारीत 6,600 ने विकली. दुसरीने मार्चमध्ये 7,200 ने. तिसरीच्या घरी नोकरीचा पगार येतो, तिने मेपर्यंत दम धरला आणि 7,800 ने विकली. तिघींनी मिळून, तसंच टप्प्याटप्प्याने विकलं असतं तर प्रत्येकीला 7,200 पडले असते. पहिलीला दहा क्विंटलवर 6,000 रुपये जास्त, तिसरीला तेवढेच कमी. म्हणजे सरासरीचा फायदा थांबता न येणाऱ्या बाईला, आणि नाराजी जिला थांबता येतं तिची. कॅनडातही रेघ बरीचशी अशीच पडली होती.

पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. पहिलीला पैसे कधी हवेत? जानेवारीत. सरासरी कधी कळणार? मेनंतर. तोवर तिच्या हातात फक्त उचल. उचल तोकडी असेल तर ती सावकाराकडे जाणार किंवा रात्री गुपचूप दोन पोती व्यापाऱ्याला देणार, आणि तिला दोष देता येणार नाही. जिला सरासरी भावाची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच उशिरा चुकाऱ्याचा सगळ्यांत जास्त त्रास. माझ्या मते सक्तीचा सगळा वाद इथे येऊन अडतो, आणि बैठकीत आपण नेमकं हेच बोलत नाही.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

मंडळाच्या बाजूचे शेतकरी म्हणत: आम्ही हजारो जण वेगवेगळे विकायला उभे राहिलो तर एकमेकांचाच भाव पाडू. विकणारा एक असला की मोठे गिऱ्हाईक आणि रेल्वे कंपनी दोघांशीही ताठ मानेने बोलता येतं.

विरोधक म्हणत: माझं शेत अमेरिकेच्या सीमेला लागून आहे. पलीकडे आज भाव चांगला आहे तो मला दिसतो, मग तो मला का घेऊ देत नाही? देशाच्या पूर्वेकडच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या शेतकऱ्यावर या मंडळाची सक्ती नाही, ती माझ्यावरच का? शिवाय मंडळाने कोणाला काय भावाने विकलं याचा प्रत्येक सौदा शेतकऱ्याला दाखवला जात नसे, तोही राग होता. काहींनी निषेध म्हणून आपला गहू सीमेपलीकडे नेला. दंड भरायला नकार दिला म्हणून 2002 मध्ये अल्बर्टातले तेरा शेतकरी तुरुंगात गेले. स्वतःच्या शेतातलं धान्य विकलं म्हणून तुरुंग, हे ऐकून मलाही चर्र झालं. सामूहिक विक्रीची मी कितीही बाजू घेतली तरी.

1998 पासून मंडळाच्या कारभारात एक चांगला बदल झाला होता. पंधरा संचालकांपैकी दहा शेतकऱ्यांनी मत देऊन निवडायचे. या निवडणुकांत सक्तीच्या बाजूचेच लोक जास्त निवडून येत. 2011 मध्ये सरकारने सक्ती काढायचं ठरवलं, पण त्यासाठी शेतकऱ्यांचं मतदान घेतलं नाही. तेव्हा मंडळाने स्वतः मत घेतलं. गव्हासाठी 62 टक्के शेतकऱ्यांनी सक्ती राहू द्या म्हटलं, जवासाठी 51 टक्क्यांनी. तरी डिसेंबर 2011 मध्ये कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 2012 पासून ज्याला हवं तिथे गहू विकायची मुभा मिळाली. 2015 मध्ये मंडळाचा अर्ध्याहून अधिक हिस्सा एका खाजगी कंपनीच्या हाती गेला. ज्यांनी सत्तर वर्षं माल घातला त्यातले काही कोर्टात गेले, की ही मालमत्ता आमच्या पैशातून उभी राहिली होती.

नंतर काय झालं? 2013-14 ला विक्रमी पीक आलं, हिवाळा कडक होता, रेल्वे पुरली नाही आणि धान्य शेतात पडून राहिलं. शेवटी सरकारला रेल्वेवर हुकूम काढावा लागला. मंडळवाले म्हणाले, बघा, मंडळ असतं तर. विरोधक म्हणाले, एवढ्या पिकापुढे मंडळाचंही काही चाललं नसतं.

आपल्याकडचा कापूस

आता घराजवळ या. महाराष्ट्रात 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खाजगी व्यापाऱ्याला कापूस घ्यायला बंदी आणि खरेदी सरकारच्या वतीने पणन महासंघाची. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. संकलन केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, गाडीखालीच मुक्काम, ग्रेडरने कापूस हातात घेऊन प्रत लावायची आणि वर बोलायची सोय नाही. हमीभावाची रक्कम आधी, आणि महासंघाला नफा झाला तर पुढे बोनस. कधी पैसे वेळेवर, कधी महिनोन्‌महिने नाही. चुकाऱ्यातून भांडवल उभारणीसाठी कपात व्हायची ती वेगळी. वेचणी बायांची, पण चुकारा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याचा.

शेजारच्या राज्यात भाव चढला की इथला कापूस रातोरात तिकडे जायचा, आदिलाबादकडे, मध्य प्रदेशात, गुजरातेत. तिकडे पडला की तिकडचाच कापूस इथल्या केंद्रावर यायचा. नाक्यावर पोलीस उभे करूनही हे थांबलं नाही. 1990 नंतर राज्याने बऱ्याचदा केंद्राच्या हमीभावापेक्षा जास्त भाव जाहीर केला, तोटा वाढत गेला, आणि 2002 च्या हंगामापासून व्यापाऱ्यांना पुन्हा परवानगी मिळाली. तरीही जुनी माणसं दोन तऱ्हेने बोलतात. एक म्हणतात, सुटलो. दुसरे म्हणतात, तेव्हा निदान भाव आधी माहीत असायचा, व्यापारी पाडून मागत नव्हता.

मग आपली तूर?

आपला संघ म्हणजे सरकार नाही. आपण कोणावर पोलीस घालणार नाही आणि घालायचाही नाही. पण पूर्ण मोकळीक दिली तर 1938-39 च्या गव्हासारखं होणार, भाव पडलेल्या वर्षी सगळी तूर आपल्या गोदामात आणि चढलेल्या वर्षी गोदाम रिकामं. ट्रक ठरवला, गिऱ्हाइकाला शंभर क्विंटलचा शब्द दिला आणि हातात चाळीस क्विंटल, असं झालं तर पुढच्या वर्षी तो गिऱ्हाईक आपला फोन उचलेल का?

मला मधला रस्ता योग्य वाटतो. प्रत्येकीने हंगामाआधी, पीक बघून, किती क्विंटल देणार ते लिहून द्यावं. दहा होणार असेल तर पाच लिहा, चार लिहा. लिहिलं तेवढं मात्र द्यायचंच, भाव वर गेला तरी. उरलेलं तुमचं, कुठेही विका. आणि संघानेही लिहून द्यावं: काट्यावर माल आला की किती उचल, किती दिवसांत, कोणाच्या खात्यात. खातं त्या बाईचं स्वतःचं हवं, यावर मी अडून बसणार आहे. प्रत्येक सौद्याची पट्टी, म्हणजे भाव, हमाली, तोलाई, वाहतूक, सगळं ग्रामसंघाच्या फळ्यावर लागलं पाहिजे. ही बंधनं संघ पाळणार नसेल तर बाईने का पाळावीत?

उचलीसाठी पैसा कुठून आणायचा हा अवघड भाग आहे. संघाच्या निधीतून सगळ्यांना पुरेल एवढी उचल निघणार नाही. त्यासाठी आकडे लागतील. म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाच्या सचिवाने एका कागदावर तीन रकाने करून आणा: ताईंचं नाव, त्या किती क्विंटल लिहून देतील, आणि त्यांना किती पैसे कोणत्या महिन्यात लागतील. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. "कधीही चालेल" असं कोणी म्हणाली तर पुन्हा एकदा, एकटीला गाठून विचारा.