घरभर एकच फिल्टर: कोणता, आणि मुख्य म्हणजे कुठे?

प्रश्न: वाघोलीला आमचं रो-हाउस आहे, तळमजला आणि वर एक मजला. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. खालच्या टाकीतून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतो. नळांच्या जाळ्यांत वाळू अडकते, पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि शॉवरची भोकं पांढऱ्या थराने बुजतात. एक विक्रेता सांगतो, गच्चीवरच्या टाकीखाली तीन निळ्या नळकांड्यांचा कार्ट्रिज फिल्टर लावा, सगळं जाईल, क्षारसुद्धा. कोणता घ्यावा? किती मायक्रॉनचा?

उत्तर: तुमच्या तीन तक्रारींपैकी वाळूची तक्रार कार्ट्रिज फिल्टर पुरती मिटवेल. गढूळपणाची अर्धीमुर्धी मिटेल. पांढऱ्या थराला मात्र तो हातही लावणार नाही. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो, साखर खाली उतरते. इथेही तसंच आहे. वाळू पाण्यात सुटी असते, क्षार विरघळलेले असतात. जे विरघळलंय ते गाळून निघत नाही, मग गाळणी ५ मायक्रॉनची असो की १ मायक्रॉनची.

तेव्हा आधी आपल्या पाण्यात काय आहे ते बघा. काचेच्या उंच बरणीत बोअरचं पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी रवाळ थर बसला असेल, तर ती वाळू आणि गाळ. पाणी वरपर्यंत मळकटच राहिलं, तर बारीक चिकणमाती. भरताना नितळ असलेलं पाणी सकाळी पिवळट-तांबूस झालं, तर विरघळलेलं लोह. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात हा प्रकार नेहमीचा. असं लोह आधी हवेने किंवा क्लोरीनने गंजवून घट्ट करावं लागतं, त्यानंतरच ते गाळता येतं. बाकीचं प्रयोगशाळेवर सोडा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. अहवालात एकूण कठीणपणा, लोह, गढूळपणा आणि नायट्रेट हे आकडे बघा. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात २०० चा आकडा ओलांडला गेला तर नवल नाही.

आता जागा. विक्रेत्याने दाखवलेली जागाच चुकीची आहे, आणि माझ्या मते कंपनी-मॉडेलपेक्षा हा मुद्दा मोठा. हे फिल्टर मुळात अशा घरांसाठी घडवले गेले, जिथे रस्त्यावरच्या नळातूनच तीन-चार बार दाबाने पाणी आत येतं. आपल्याकडे पाणी टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर उतरतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब, असा हिशेब. तुमच्या टाकीचा तळ स्लॅबच्या वर मीटरभर असेल, तर पहिल्या मजल्यावरच्या शॉवरला उरते जेमतेम २ मीटर उंची, म्हणजे ०.२ बार. आणि कार्ट्रिज बदलायची वेळ कधी आली? तर आतल्या आणि बाहेरच्या दाबात ०.७ बारच्या आसपास फरक पडला की, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्याकडे तेवढा दाब आहेच कुठे? कार्ट्रिज पाव भरायच्या आतच शॉवरची धार करंगळीएवढी होईल आणि तुम्ही गीझरला दोष देत बसाल.

म्हणून फिल्टर गच्चीवरच्या टाकीच्या खाली लावू नका. खालच्या टाकीवरचा पंप आणि वरची टाकी यांच्या मधल्या डिलिव्हरी लाइनवर लावा. तिथे पंपाचा जोर असतो, धार बारीक झाली तरी टाकी भरायला दहा मिनिटं जास्त लागतील एवढंच. वरच्या टाकीत गाळ साचत नाही हा वरचा फायदा. पंपाच्या पाटीवरचा हेड घराच्या चढापेक्षा निदान १० मीटरने जास्त आहे ना, ते पाहा. पंपाच्या आधी, सक्शनच्या बाजूला, फिल्टर कधीही लावू नका. पंपाला पाणी ओढताना दम लागतो आणि तो लवकर निकामी होतो. बोअरमधल्या सबमर्सिबल पंपाच्या लाइनवरही थेट नको. खोल बोअरचा पंप, समोर वाट अडली तर, प्लास्टिकच्या हाउसिंगला झेपणार नाही इतका दाब देऊ शकतो. फिल्टरच्या पुढे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पंप थांबताच वर चढलेलं पाणी उलटं येऊन हाउसिंगवर आदळणार नाही.

जागा ठरली की माप. बाजारात दोन लांब्या मिळतात, १० इंच आणि २० इंच. आणि दोन जाड्या, अडीच इंची 'स्लिम' आणि साडेचार इंची 'जंबो'. १० इंची स्लिमपेक्षा २० इंची जंबोचा बाहेरचा पृष्ठभाग साडेतीन पटींहून जास्त भरतो. तेवढंच पाणी मोठ्या पृष्ठभागावर पसरलं की प्रत्येक ठिकाणचा वेग कमी होतो, गाळ कोंबला न जाता सैल बसतो आणि कार्ट्रिज जास्त टिकतं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरला जोडतात ते स्लिम हाउसिंग घरभराच्या पाण्यासाठी घेऊ नका. पंप मिनिटाला किती पाणी चढवतो ते बादलीने मोजा. १५ लिटरची बादली टाकीच्या तोंडाशी ३० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ३० लिटर. हा आकडा घेऊनच दुकानात जा. हाउसिंगचं तोंड लाइनच्या मापाचं, साधारण १ इंची घ्या. अर्धा इंची तोंड घेतलंत तर मोठ्या कार्ट्रिजचा फायदा तिथेच अडतो.

मायक्रॉनचा मोह आवरा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. आकडा लहान तितकं पाणी शुद्ध, असं समजून लोक थेट १ मायक्रॉनचं कार्ट्रिज लावतात आणि आठवड्यात ते चोंदतं. वाळूसाठी पहिल्यांदा धुता येणारी जाळी लावा. ठिबक सिंचन करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर माहीत असतो, तोच इथेही चालतो: उघडा, धुवा, परत लावा. त्यानंतर एका जंबो हाउसिंगमध्ये २० मायक्रॉनचं, दुसऱ्यात ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज. एवढं पुरे. कागदावर '५ मायक्रॉन' लिहिलेलं असलं तरी स्वस्त कार्ट्रिजमध्ये तो आकडा 'नॉमिनल' असतो, म्हणजे त्या आकाराचे बरेच कण अडतात, सगळे नाहीत. 'ॲब्सोल्यूट' लिहिलेलं कार्ट्रिज जवळपास सगळे अडवतं आणि महागही असतं. नळ-शॉवर वाचवायला नॉमिनल पुरतं.

कार्ट्रिजचे प्रकार तीन धरा. 'स्पन' म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा पांढरा दांडा. गाळ त्याच्या जाडीत मुरतो, भरला की टाकून द्यायचा. 'वाउंड' म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखं गुंडाळलेलं, कामाला स्पनसारखंच. 'प्लीटेड' म्हणजे चुण्यांचं. गाळ पृष्ठभागावरच बसतो म्हणून काही वेळा धुऊन वापरता येतं. रवाळ गाळाला प्लीटेड बरं, चिकट मातीला स्पन.

पावसाळ्यातल्या गढूळपणाचं काय? काळ्या मातीतले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतात, ते ५ मायक्रॉनच्या गाळणीतून आरामात पार होतात. आजीची तुरटी इथे अजून कामाची आहे. खालच्या टाकीत तुरटी फिरवून पाणी काही तास निवळू द्या, वरचं पाणी पंपाने चढवा, तळाचा गाळ काढून टाका. कार्ट्रिजचा खर्चही कमी होईल.

तिसऱ्या नळकांड्यात विक्रेता बहुधा कार्बन घालेल. तो घेऊ नका. कार्बन वास आणि क्लोरीन काढतो हे खरं. पण टाकीच्या आधी क्लोरीन काढलं, तर टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून राखणारं काही उरत नाही. कार्बनची जागा ओट्याजवळच्या प्युरिफायरमध्ये.

बसवताना दोन्ही बाजूंना कॉक आणि मध्ये बायपास ठेवायला प्लंबरला सांगा, म्हणजे कार्ट्रिज बदलताना पाणी बंद राहत नाही. आधी आणि नंतर एकेक दाबमापक बसवला की बदलायची वेळ डोळ्यांना दिसते. काटा काही सांगो, सहा महिन्यांपलीकडे कार्ट्रिज ठेवू नका. ओल्या गाळात जंतू वाढतात. पारदर्शक हाउसिंग छान दिसतं, पण उजेडात आत शेवाळ धरतं आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. अपारदर्शक घ्या, सावलीत लावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. हाउसिंग हाताने आवळा, पाना उघडण्यापुरता. आणि विकत घेण्याआधी खात्री करा की त्या मापाचं कार्ट्रिज गावातल्या दोन-तीन दुकानांत, दोन-तीन कंपन्यांचं मिळतं. फक्त त्याच कंपनीचं बसत असेल, तर फिल्टर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग हा खेळ ठरलेला.

प्रश्न: मग पांढऱ्या थरासाठी 'सॉफ्टनर कार्ट्रिज' मिळतं म्हणतात, ते त्याच हाउसिंगमध्ये घालू का?

उत्तर: हिशेब करून बघा. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरून ठेवतं, मग ते मिठाच्या पाण्याने धुऊन ताजं करावं लागतं. पाण्याचा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल, तर त्या लिटरभर रेझिनमधून मऊ पाणी मिळेल १०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं मोजमाप माणशी रोज १३५ लिटर असतं. चौघांच्या घराला ५४० लिटर. सकाळच्या आंघोळी उरकायच्या आतच ते लिटरभर रेझिन संपलं! कठीणपणा खरंच जास्त असेल, तर पंचवीस-तीस लिटर रेझिनची टाकी आणि मिठाचं पिंप असलेला वेगळा सॉफ्टनर घ्या. तो गाळणीच्या पुढे लावायचा, म्हणजे रेझिनमध्ये गाळ जात नाही.

प्रश्न: फिल्टर लावल्यावरही टीडीएस तितकाच दाखवतो. शिवाय विक्रेत्याने आमच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली, तर पाणी तपकिरी झालं!

उत्तर: टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, गाळ नाही. कार्ट्रिज क्षार काढतच नाही, म्हणून आकडा तोच राहणार. फिल्टर बिघडलेला नाही. सळ्यांचा प्रयोग हा हातचलाखीचा भाऊ. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाची सळी झिजून तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज वाहत नाही, ते स्वच्छ दिसतं. त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग परत करायला सांगा.

प्रश्न: आमचा फ्लॅट आठ मजली इमारतीत तिसऱ्यावर आहे. आम्हाला असा एकच फिल्टर चालेल?

उत्तर: दाबाची अडचण तुम्हाला नाही, वर पाच-सहा मजले म्हणजे दीड बारहून जास्त. अडचण नळांची आहे. बऱ्याच इमारतींत प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला डक्टमधून वेगळी लाइन उतरते, फ्लॅटला एकच प्रवेशद्वार नसतं. मग दोन-तीन फिल्टर लावावे लागतील. त्यापेक्षा सोसायटीच्या सभेत विषय काढा आणि खालच्या टाकीवरच्या पंपाला सगळ्यांचा मिळून वाळूचा मोठा, उलट धुता येणारा फिल्टर बसवा. माणशी खर्च कमी येतो आणि कार्ट्रिज बदलायची आठवण ठेवायला कुणाला लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर मात्र तरीही वेगळा हवाच. गाळलेलं पाणी निर्जंतुक असतं असं नाही, हे फ्लॅटलाही लागू आणि रो-हाउसलाही.